एक न वाचलेले कलम

या लेखनाआधी मी स्वतःला घातलेला प्रश्न असा: एखादा कायदा लागू व्हावा की नाही, हे थेट लोकांनाच विचारले गेले, तर साधा मतदार आपले उत्तर कशाच्या आधारावर ठरवतो?

मी पुण्याच्या एका शाळेत एकतीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. घटनादुरुस्तीचा धडा त्यात दरवर्षी येई. संसदेची दोन्ही सभागृहे, विशेष बहुमत, काही बाबतींत निम्म्या राज्यांची संमती आणि शेवटी राष्ट्रपतींची सही, असा जिना मी फळ्यावर काढत असे. एका वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "बाई, यात आपण कुठे?" आपण खासदार निवडतो, म्हणजे आपण जिन्याच्या तळाशी, असे मी सांगितले. परीक्षेसाठी ते उत्तर पुरेसे होते. मला स्वतःला मात्र ते कधीच पुरले नाही. माझ्या हयातीत घटना कितीतरी वेळा बदलली आणि एकदाही कोणी मला विचारले नाही.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे ऑकलंडच्या फ्लॅट बुश उपनगरात राहायला आले. या देशात घटना म्हणून एकच बांधीव ग्रंथ नाही; ती अनेक कायद्यांत, करारांत आणि रूढींत विखुरलेली आहे. पण अधूनमधून येथे एखादा प्रश्न मतपत्रिकेवर छापून लोकांपुढे ठेवतात. त्यावर मत देण्यासाठी नागरिकत्वही लागत नाही. कायम रहिवासी असून ठरावीक काळ येथे राहिलेला माणूस मत देऊ शकतो. हे कळले तेव्हा मला त्या मुलीची आठवण झाली. तिला कळवण्याचा काही मार्ग माझ्याजवळ नव्हता.

महासाथीच्या वर्षी निवडणुकीबरोबर असे दोन प्रश्न आले. एक गांजा कायदेशीर करण्याविषयीचा. त्यावरचे लोकांचे उत्तर सरकारवर बंधनकारक नव्हते. दुसरा होता असाध्य आजाराने मरणाच्या दारी आलेल्या माणसाला, त्याने मागितल्यास, वैद्यकीय मदतीने मृत्यू देणाऱ्या कायद्याविषयीचा. तो कायदा संसदेने आधीच मंजूर केला होता. निम्म्याहून अधिक मतदारांनी हो म्हटले तरच तो लागू होणार होता. म्हणजे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर राष्ट्रपतींच्या जागी आम्ही उभे होतो.

माहितीपत्रक टपालाने आले आणि चार दिवसांत माझा फोन वाजू लागला. आमच्या भागात पुण्यामुंबईकडची बरीच कुटुंबे आहेत. मुले आयटीत किंवा इंजिनिअर आणि त्यांच्याकडे राहायला आलेले आमच्यासारखे आईवडील. सगळ्यांचा प्रश्न एकच असे: बाई, खूण कुठे करायची? कोणती बाजू बरोबर, हे फारसे कोणी विचारत नव्हते. आपल्याकडे शिकलेल्या माणसाला असे विचारण्याची रीतच आहे, आणि शिकलेल्या माणसाला ते आवडते, हेही खरे आहे. मी म्हणाले, खूण कुठे करायची ते मी सांगणार नाही; रविवारी चार वाजता आमच्याकडे या, प्रश्न समजावून देते.

"आई, घरात निवडणूक आयोग उघडताय का?" असे सूनबाईंनी विचारले. पण पोहे किती जणांचे करायचे, हेही लगेच विचारले.

वर्ग आमच्या गॅरेजमध्ये भरला. येथल्या घरांत गॅरेज असते आणि आमच्यासारख्यांच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सर्व काही असते. जुना गालिचा, बॅगा, बंद पडलेले ट्रेडमिल. नातीचा पांढरा फळा मी भिंतीला टेकवला. निर्बंध नुकतेच सैल झाले होते, म्हणून खुर्च्या लांब लांब मांडल्या. पंधराएक जण आले. त्या दुपारी खडूऐवजी मार्कर हातात घेताना मला काय वाटले, ते सांगणे आवश्यक आहे. पुढचे सारे त्यातून घडले. या देशात आल्यापासून मी डिशवॉशर चुकीचे लावणारी आजी होते. मी मराठीत विचारावे, नातीने इंग्रजीत उत्तर द्यावे आणि माझा उच्चार सुधारावा, असा आमचा संवाद होता. त्या रविवारी मी पुन्हा बाई झाले.

माझी शिकवण्याची पद्धत ठरलेली होती. प्रश्न वाचायचा, अवघड शब्द सोडवायचे, मग फळ्यावर दोन रकाने आखायचे. शिवाय माझा एक जुना नियम होता: उत्तर येत नसेल तर वर्गाला "उद्या सांगते" असे म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगायचे. शाळेत मी हा नियम इतका पाळला की मुलींनी मला "उद्याबाई" असे नाव ठेवले होते. मला ते ठाऊक होते आणि त्याचा अभिमानही होता.

गांजाच्या प्रश्नावर वर्ग हसण्यात गेला. पलीकडच्या गल्लीतले काका, मूळ मुंबईतले बँकेचे अधिकारी, गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बाई, मी शिवरात्रीला भांग घेतलेली आहे. नाही म्हटलं तर महादेवाला काय तोंड दाखवू?" त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणा, नाही म्हणा. घरात आणायची नाही." तेवढ्यात तो प्रश्न निकाली निघाला.

मग मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. कायद्यातल्या मुख्य अटी मी पत्रकावरून लिहिल्या: वय, असाध्य आजार, सहा महिन्यांत मृत्यूची शक्यता, असह्य यातना, निर्णय घेण्याची क्षमता. मग रकाने आखले. डावीकडे हो, उजवीकडे नाही. लोक एकेक मुद्दा सांगत गेले आणि मी लिहीत गेले.

शेवटच्या खुर्चीवर माझी मैत्रीण बसली होती. ती नागपूरची. एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात तिची सारी नोकरी झाली. तिची मुलगी येथे स्थापत्य अभियंता आहे आणि तिचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. बौद्ध घरातली, बाबासाहेबांच्या वाटेवर वाढलेली. दर सव्वीस नोव्हेंबरला ती संविधानाची उद्देशिका उभी राहून वाचत असे आणि मला फोनवर ऐकवत असे. घटनेची कलमे मी शिकवली होती; तिला ती पाठ होती. आमची थट्टा यावरूनच चाले. ती म्हणे, "बाई, तुम्ही पाठ्यपुस्तकवाल्या. आम्ही ग्रंथालयवाले. आम्ही मूळ पुस्तक काढून पाहतो."

त्या दिवशी तिने हात वर केला. विद्यार्थिनीसारखा, नीट.

"समजा, आत्ता माझं डोकं शाबूत आहे. आत्ताच मी लिहून सही करून ठेवलं की पुढं मला काही समजेनासं झालं तर मला असं मरण द्या. तर ते चालेल का?"

हा प्रश्न कोठून आला, हे त्या गॅरेजमध्ये फक्त मला माहीत होते. महिन्यापूर्वी आम्ही सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत किराणा आणायला गेलो होतो. तिने हळदीचे पाकीट टोपलीत टाकले. थोड्या वेळाने दुसरे टाकले, मग तिसरे. मी हसले, तेव्हा ती हसली नाही. परतताना गाडीत तिने सांगितले की हे वर्षभर चालले आहे. तिच्या आईलाही असेच सुरू झाले होते, आणि आई त्यानंतर अकरा वर्षे जगली. शेवटची सात वर्षे तिने लेकीला ओळखले नाही. "मले मरायची भीती नाही," ती म्हणाली. घरची नागपुरी बोली ती माझ्याशी क्वचितच बोले. "मले आईसारखं व्हायची भीती आहे." मुलीला तिने काही सांगितले नव्हते. तिच्यापुढे एक दुसरा मार्गही होता: नागपूरला धाकट्या भावाकडे परत जायचे. तेथे तिची भाषा होती, विहार होता, तिला लहानपणापासून ओळखणारी माणसे होती. विसरायचेच असेल तर ओळखीच्या ठिकाणी विसरावे, असे ती म्हणाली होती.

म्हणजे ती मला कायद्याविषयी विचारत नव्हती. येथे राहू की परत जाऊ, हे विचारत होती.

मला उत्तर ठाऊक नव्हते. पत्रक मी दोनदा वाचले होते. कायदा उघडूनही पाहिला नव्हता. "उद्या सांगते" हे दोन शब्द पुरले असते. पण सूनबाई पोह्यांचे ताट घेऊन दारात उभ्या होत्या, पंधरा जण माझ्याकडे पाहत होते, आणि मला उत्तर देण्याची गोडी लागली होती. मी मनात मृत्युपत्राशी तुलना केली. शुद्धीत असताना लिहिलेले मृत्युपत्र पुढे चालते, तर हेही चालणारच.

"हो," मी म्हणाले. "मृत्युपत्रासारखंच. दोन साक्षीदार घ्यायचे."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. "वाचलंय ना तुम्ही?"

"वाचलंय."

तिने वहीत लिहून घेतले. जन्मभर इतरांना मूळ पुस्तक काढून देणाऱ्या बाईने माझ्या शब्दावर वही मिटली. लांब इंग्रजी मजकूर वाचताना ओळी हातून सुटतात, हे तिने मला सँडरिंगहॅमच्या त्याच वाटेवर सांगितले होते. तिने माझ्यावर विश्वास ठेवला, कारण स्वतः पडताळणे तिला तेव्हाच जड जाऊ लागले होते.

मतदानाला आम्ही दोघी बरोबर गेलो. जवळच्या शाळेचे सभागृह होते. त्या वर्षी शक्यतो स्वतःचे पेन आणा अशी सूचना होती. तिने ग्रंथालयातले जुने निळे पेन आणले होते. त्यावरची अक्षरे पुसून गेली होती. दारातल्या तरुणीने "किया ओरा" असा माओरी नमस्कार करत आमच्या हातांवर जंतुनाशक घातले. बाहेर आल्यावर ती उन्हात थांबली आणि म्हणाली, "बाई, सत्तर वर्षांत पहिल्यांदा मला कोणी कायद्याबद्दल विचारलं." मी म्हणाले, मलाही. त्या दिवशी आम्ही दोघी सुखी होतो, आणि मला ते सुख आज आठवणीतही नीट घेता येत नाही.

सार्वमताचा निकाल लागला. कायदा लागू होणार हे ठरले. त्यानंतर एका सकाळी ती आमच्याकडे आली आणि जेवणाच्या टेबलाशी बसून तिने एक कागद लिहिला. स्वच्छ, वळणदार मराठीत, क्रमांक घालून. एक साक्षीदार मी, दुसरे भांगवाले काका. कागद तिने माझ्याकडेच ठेवायला दिला. मुलीला सांग, असे मी एकदा म्हणाले. ती म्हणाली, "आत्ताच कशाला घोर लावायचा तिला? कागद आहे ना."

विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा तिच्या मुलीने नागपूरची तिकिटे पाहिली. मैत्रिणीने नको म्हणून सांगितले. मला ती फोनवर म्हणाली की आता येथेच बरे. नातवंडे आहेत, आणि शेवटची सोय झालेली आहे. मी म्हणाले, चांगले केलेत.

पुढे दोन वर्षांत स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तिच्या मुलीने मला घरी बोलावले, सारे सांगितले, आणि मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो शेवटपर्यंत वाचला.

"मावशी, आईने हे तुम्हाला सांगितलं," ती म्हणाली. "मला नाही."



डॉक्टरकडे आम्ही तिघी गेलो. मुलीने कागदाचा मजकूर इंग्रजीत वाचून दाखवला. डॉक्टर वयाने लहान होती, शांतपणे ऐकत होती. तिने सांगितले की या कायद्यात असा आगाऊ लिहिलेला कागद चालत नाही. मागणी करणारा माणूस त्या वेळी स्वतः समजून निर्णय घेण्याच्या स्थितीत असावा लागतो, आणि अंत सहा महिन्यांच्या आत येईल असा आजार असावा लागतो. माझ्या मैत्रिणीला यांतली पहिली अट पाळता येत होती तेव्हा दुसरी नव्हती. दुसरी येईल तेव्हा पहिली उरणार नव्हती. मैत्रीण खिडकीतून गाड्या पाहत होती. तिने एकदाच माझ्याकडे वळून विचारले, "काय म्हणतात?" मी म्हणाले, "उद्या सांगते." एवढ्या वर्षांनी तो नियम मी असा वापरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाचनालयात गेले आणि कायदा छापून घेतला. त्यातले इंग्रजी मला वाटले होते तितके कठीण नव्हते. आगाऊ लिहिलेल्या इच्छेविषयी स्वतंत्र कलम आहे आणि ते कोणत्याही नववीच्या मुलीला कळेल इतके स्पष्ट आहे. शोधायला मला अर्धा तासही लागला नाही. तो अर्धा तास गॅरेजमधल्या त्या रविवारच्या आधी माझ्याजवळ होता.

मी ते छापलेले कलम घेऊन मैत्रिणीच्या मुलीकडे गेले. दाराशीच तिने विचारले, "तुम्ही वाचलं नव्हतं?"

"नाही."

"आईने विचारलं होतं तुम्हाला?"

"विचारलं होतं. मी वाचलंय म्हणाले."

ती रागावली नाही. रागावली असती तर मला बसून ऐकून घेता आले असते. तिने एवढेच सांगितले की भावाकडे जाण्याचा विचार आईने एकाएकी का सोडला, हे तिला कधी कळले नव्हते. मामाने खालची खोली रंगवून ठेवली होती. आता आईला इतक्या लांबच्या प्रवासाला नेणे योग्य नाही, असे डॉक्टरांचे मत होते.

त्यानंतर मी एक काम केले. गॅरेजमध्ये आलेल्यांपैकी जे भेटतील त्यांना विचारले, तुम्ही तेव्हा कसे ठरवलेत? मला वाटले होते की माझे मुद्दे कोणाला तरी आठवतील. एक बाई म्हणाल्या, त्यांचे वडील रुग्णालयात फार हाल होऊन गेले होते, त्यांचे उत्तर आधीच ठरले होते. त्या पोह्यांना आल्या होत्या. एकाने मुलगा म्हणेल ते केले. भांगवाले काका जरा घुटमळले.

"खरं सांगू का बाई? तुमचा 'हो'चा रकाना जास्त भरला होता. मला वाटलं, बाईंचं मत तेच असणार."

मी घरी येऊन तो फळा आठवून पाहिला. खरेच, डावीकडच्या ओळी जास्त होत्या. लोक सांगतील तसे मी लिहिले, अशी माझी समजूत होती. कदाचित मी डावीकडचे भराभर लिहिले आणि उजवीकडचे थोडक्यात. मला ठामपणे सांगता येत नाही, आणि आता मी ठामपणे सांगतही नाही.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर असे. मतदार बहुधा आपल्या घरातल्या एखाद्या मृत्यूवरून ठरवतो, किंवा ज्याच्या बोलण्यात खात्री आहे अशा माणसावरून. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सारेच कायदे सगळ्यांनी वाचणे शक्य नसते. पण म्हणून खात्रीने बोलणाऱ्यावर ओझे येते. ते ओझे माझ्यावर होते आणि पोह्यांचे ताट दारात आले म्हणून मी ते खाली ठेवले.

माझी मैत्रीण आता जवळच्याच एका वृद्धनिवासात आहे. मी दर गुरुवारी जाते. तेथील परिचारिका तिला प्रेमाने वागवतात; ती त्यांच्याशी मराठीत बोलते आणि त्या इथल्या बोलीत "स्वीट ॲज", म्हणजे छान छान, म्हणतात. उद्देशिका ती अजून म्हणते. अर्ध्यावर थांबली की मी पुढचा शब्द देते. गेल्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी तिला सारे सांगितले: तो रविवार, तो प्रश्न, माझे खोटे उत्तर. तिने लक्ष देऊन ऐकले, मान हलवली. मग फार आदबीने विचारले, "आपण कोणत्या शाळेत होता?"

मी शाळेचे नाव सांगितले. ती म्हणाली, शाळा चांगली असणार.

अलीकडे संसदेची मुदत तीन वर्षांवरून चार करावी का, याची चर्चा येथे अधूनमधून उठते. ही मुदत बदलायची तर संसदेत तीन चतुर्थांश मते लागतात, किंवा मग सार्वमतात लोकांचे बहुमत. शेजाऱ्यांनी फोनवर विचारायला सुरुवातही केली आहे की प्रश्न आलाच तर बाई काय म्हणतात. या वेळी मी निवडणुकीचा कायदा उघडून ते कलम वाचले आहे. मागच्या वेळीही मी वाचलंय असेच म्हणाले होते, हे तुम्ही विसरू नका.

म्हणून विनंती एवढीच: या लेखात मी कायद्याविषयी जे जे लिहिले आहे, ते मूळ कायदा काढून स्वतः तपासून पाहा.